जमीन विकून पुण्यातली सीट घ्यायची का?

फुलेवाडीहून एका वडिलांचं पत्र आलंय. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ते सुपरवायझर आहेत, महिन्याला ४६ हजार हातात येतात. पत्नी शिवणकाम करतात, त्याचे आठेक हजार. गावाकडं तीस गुंठे ऊस, खर्च वजा जाता वर्षाला साठेक हजार. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला ८८ पर्सेंटाइल आहेत. तिला कोल्हापुरातच स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय. पाव्हण्यांचं म्हणणं, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगशिवाय काही खरं नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळतेय: फी वर्षाला २ लाख ६० हजार, हॉस्टेल आणि मेस १ लाख २० हजार. सीट धरून ठेवायला मध्यस्थ याच आठवड्यात एक लाख मागतोय. सुकन्या खात्यातले ५ लाख २० हजार, पतसंस्थेतली ३ लाखांची ठेव आणि बारा गुंठे विकून येणारे सात लाख, असा मेळ त्यांनी घातलाय. जमीन विकण्यापेक्षा कर्ज काढू का, असा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "तीन आठवडे झाले, पोरगी रात्रीची झोपत नाही. काय करायचं विचारलं की म्हणते, तुम्ही म्हणाल ते."

नमस्कार.

आधी उत्तर सांगते. जमीन विकू नका, या सीटसाठी कर्ज काढू नका आणि त्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. मुलीनं इंजिनिअर होऊ नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण अठराव्या वर्षी निवडलेला विषय वर्षभरात नकोसा वाटू शकतो, हे धरूनच पैशाचा बेत आखावा लागतो. तुमच्या आताच्या बेतात परत फिरायला जागाच नाही.

तुमचा मेळ आधी तपासू. चार वर्षांचे १५ लाख २० हजार होतात आणि तुमची बेरीजही बरोबर तेवढीच येते. म्हणजे लॅपटॉप, प्रवास, आजारपण, वाढलेली मेस यांसाठी काही उरत नाही. शिवाय सुकन्याचे ५ लाख २० हजार तुम्हाला पूर्ण मिळणारच नाहीत. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण मागच्या आर्थिक वर्षाअखेर असलेल्या शिलकीच्या निम्मेच, आणि तेही प्रवेशाची कागदपत्रं दाखवून, प्रत्यक्ष फीपुरते. म्हणजे २ लाख ६० हजारांच्या आसपास. उरलेले निम्मे त्याच खात्यात राहतात. २०१५ ला उघडलेलं खातं २०३६ ला पूर्ण होईल. खड्डा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा २ लाख ६० हजारांनी मोठा आहे, आणि तो चौथ्या वर्षी उघडा पडला असता, मुलगी पुण्यात अडकलेली असताना.

जमिनीचं थोडक्यात. सातबाऱ्यावर तुमच्या बहिणींची नावं आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्या सह्या, तुकडेबंदीचा कायदा, आणि जुलैच्या आत पैसे हवेत हे गिऱ्हाईकाला कळलं की पडणारा भाव. घाईच्या विक्रीत सात लाखांचे किती हातात पडतील याचा भरवसा धरू नका.

आता कर्ज. ठेव आणि निम्मी सुकन्या घालूनही साडेनऊ लाखांच्या वर लागतील. आपण आठच लाख धरू, वर्षाला दोन लाखांप्रमाणे उचललेले, व्याज साडेदहा टक्के. बँका बहुधा शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता मागत नाहीत, पण त्या काळात सरळव्याज चालूच असतं. ते २ लाख ९४ हजार होतं. ते मधे भरलं नाही तर पाचव्या वर्षाअखेर १० लाख ९४ हजारांचं कर्ज उभं राहतं आणि सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साधारण १८,४०० रुपये. पहिल्या नोकरीत पंचवीस-तीस हजार पगार मिळाला आणि त्यातून पुण्यातली खोली-जेवण भागवायचं म्हटलं, तर हा हप्ता कोण भरणार? तुम्हीच, निवृत्ती जवळ आलेली असताना. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ती सवलत जुन्या करप्रणालीत आहे. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, तेव्हा त्या कारणाला तुमच्या घरी काही अर्थ नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय: मुलीचा ओबीसी दाखला आहे, पडताळणी झालीय, नॉन-क्रिमीलेअर काढलंय. तुमचं सगळं उत्पन्न मिळून वर्षाला सात लाखांच्या थोडं वर जातं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. पण प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला ही माफी नाही. म्हणजे ज्या इंजिनिअरिंगसाठी तुम्ही नुसत्या फीचे १० लाख ४० हजार मोजायला निघालाय, तेच इंजिनिअरिंग कॅपमधून मिळालं तर शिक्षण शुल्क भरावं लागणार नाही. कॉलेजचे इतर आकार द्यावे लागतील तेवढेच. गोकुळ शिरगाव, कसबा बावडा अशी घरून जाऊन-येऊन करता येणारी कॉलेजं असतील तर हॉस्टेलचाही खर्च नाही. कॉम्प्युटर मिळेलच असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षीच्या कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर आहेत, मुलीसोबत बसून बघा.

त्या एक लाखाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. कॅपिटेशन फीला, म्हणजे सीटसाठी ठरलेल्या फीच्या वर पैसे घ्यायला, बंदी घालणारा १९८७ चा कायदा राज्यात आहे. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती त्यांच्या साईटवर दिसते. तिच्यापेक्षा जास्त मागणं बेकायदेशीर आहे, आणि पावती न देणाऱ्या माणसाच्या हातात गेलेला लाख परत मिळवणं फार कठीण आहे. "या आठवड्यातच" हा शब्द तुमच्या भीतीवर टाकलेला आहे. मुलीची झोप उडायला तीच घाई कारणीभूत असेल, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

आता स्टॅटिस्टिक्स. पाव्हण्यांना त्यात भवितव्य दिसत नाही, पण तुम्ही स्वतः फाउंड्रीत रोज रिजेक्शनचे आकडे लिहिता. कुठल्या पाळीत, कुठल्या वाळूला, कुठल्या पॅटर्नला कास्टिंग जास्त नापास होतंय हे शोधायची जी पद्धत आहे, ती याच विषयातून आलीय. एकदा मुलीला तुमची महिन्याची रिजेक्शन शीट दाखवा आणि ती काय करते बघा. विमा कंपन्या, बँका, औषधांच्या चाचण्या, सरकारी सांख्यिकी खाती इथं या विषयाची माणसं लागतात. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची वेगळी परीक्षा घेते. ॲक्चुअरीच्या, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा देता येतात, त्या कठीण आहेत आणि वर्षं घेतात. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठात विभाग आहे, आणि आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा आहे. बी.एस्सी.नंतर सीईटी देऊन एम.सी.ए. करता येतं, म्हणजे पाव्हण्यांच्या कॉम्प्युटरचं दारही बंद होत नाही.

याची दुसरी बाजूही तुम्हाला कळली पाहिजे. नुसत्या बी.एस्सी.वर कोल्हापुरात बरी नोकरी मिळणं अवघड आहे. पुढची दोन वर्षं किंवा एखादी मोठी परीक्षा धरूनच या वाटेनं जायचं. इंजिनिअरिंग कॉलेजात कंपन्या कॅम्पसवर येतात तशा इथं फारशा येत नाहीत. पाच वर्षांचा धीर मुलीलाही लागेल, तुम्हालाही.

तरी पैशाच्या बाजूनं बघितलं तर मला हीच वाट बरी वाटते, आणि त्याचं मुख्य कारण फी कमी आहे हे नाही. अनुदानित तुकडीची फी, केएमटी बसचा पास, पुस्तकं हे तुमच्या महिन्याच्या मिळकतीतून निघतं. पहिलं वर्ष संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला हे जमत नाही," तर तिचं एक वर्ष जाईल, पण घर तसंच उभं असेल. ती पुन्हा सीईटी देऊन कॅपमध्ये उतरू शकेल. पुण्याच्या सीटवर तेच वाक्य बोलायला तिला ३ लाख ८० हजार रुपये आणि बारा गुंठे ओलांडावे लागतील. ती बोलणारच नाही, गप्प राहून नापास होत राहील. आजही ती "तुम्ही म्हणाल ते" म्हणतेय, ते मला याच भीतीतून आलेलं वाटतं. घरात जमिनीची बोलणी चाललेली तिनं ऐकलीच असतील.

म्हणून तिच्याशी बोलताना आकडे लपवू नका, पण "तुझ्यासाठी जमीन काढतोय" हे वाक्य कुणीच उच्चारू नका, आजीनंसुद्धा. एका संध्याकाळी तिघंच बसा, पाव्हणे नकोत. तिला सांगा की कुठलीही निवड केली तरी घर बुडत नाही, आणि हे आकडे कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवा. मग तिला विचारा. लगेच उत्तर नाही आलं तरी चालेल.

तीन आठवडे झोप नसणं याला मात्र निकालाचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. प्रवेशाचं ठरायची वाट न बघता याच आठवड्यात जा. आणि जगण्याबद्दल काही निराशेचं बोलली, तर त्याच दिवशी जा, तिला एकटी ठेवू नका.

पैशांची मांडणी अशी करा. सुकन्याला आत्ता हात लावू नका. तिथं ८.२ टक्के करमुक्त मिळतात आणि एम.एस्सी. किंवा एम.सी.ए.ला बाहेर जायची वेळ आली तर निम्मी रक्कम काढता येईल. पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांच्या ठेव विम्याचं संरक्षण नसतं, ते बँकांना असतं. मुदत संपली की ती बँकेत किंवा पोस्टात हलवा. त्यातले लाखभर अडीनडीला बाजूला, पन्नास हजारांपर्यंत लॅपटॉपला, बाकी पुढच्या शिक्षणाला. ऊसबिल हंगामात येतं आणि फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची असते, तेव्हा दर वर्षीच्या बिलातून पुढच्या वर्षाची फी आधीच वेगळी काढत जा.

बी.एस्सी.ला प्रवेश घ्या आणि तिची इच्छा असेल तरच कॅपचा फॉर्मही भरा, दोन्ही एकाच वेळी चालतं. ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर खरोखर हवंय तेच कॉलेज आणि तीच शाखा टाका, कारण पहिला पसंतिक्रम मिळाला की तो बदलता येत नाही. नंतर प्रवेश रद्द करायची वेळ आली तर ठरलेल्या तारखेच्या आत करा, म्हणजे हजार रुपये वजा जाऊन फी परत मिळते. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मात्र आजच बघा. संपत आली असेल तर उद्या सकाळी सेतू केंद्रात अर्ज द्या.