शिकवण्यातल्या प्रयोगासाठी अनुदान कोण देतं, आणि प्रस्तावात काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मुंबईच्या उपनगरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बीकॉमच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवता. एकेका डिव्हिजनला १२० मुलं, त्यातली बरीचशी मराठी माध्यमातून आलेली. फळ्यावरची गणितं सोडून, जवळच्या बाजारातून खरे आकडे गोळा करायला लावून विषय शिकवायचा तुमचा बेत आहे. त्यासाठी पैसे कोण देईल, अर्जात काय लिहायचं, आणि नाहीच मिळाले तर काय?

मीही मुंबई विद्यापीठाच्याच एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या संशोधन समितीवर असल्यामुळे सहकाऱ्यांचे प्रस्ताव बाहेर जाण्याआधी वाचायचं काम माझ्याकडे असतं. त्यावरून सांगते.

एकट्या प्राध्यापकाने अर्ज करावा आणि 'नव्या अध्यापनपद्धती'साठी पैसे मिळावेत, अशी खिडकी आपल्याकडे जवळपास नाहीच. शिकवणं सुधारण्यासाठीचा मोठा पैसा संस्थेला मिळतो. २०१३ साली आलेलं रूसा, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, जे २०२३ पासून पीएम-उषा झालं, त्यात अर्ज संस्थेचा. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून खास पदवीच्या वर्गांसाठी आहे, पण ती विज्ञानाच्या विभागांना. तंत्रशिक्षणाच्या एआयसीटीई या परिषदेची मॉडरॉब्स योजना ही त्यांच्या मान्यतेखालच्या संस्थांच्या प्रयोगशाळा अद्ययावत करण्यासाठी. वाणिज्य शाखेच्या माणसाला यातलं काहीच थेट लागू पडत नाही.

मग उरतं संशोधनाचं दार, आणि तुम्हाला तिथूनच आत शिरायचंय. ही पळवाट नव्हे. तुमच्या वर्गात मुलं नेमकी कुठे अडतात हा संशोधनाचा प्रश्न, आणि बाजारातले आकडे हा तुम्ही तपासून पाहत असलेला उपाय. प्रस्ताव या क्रमाने लिहिला की तोच प्रयोग अनुदानाच्या चौकटीत बसतो. उलट्या क्रमाने, म्हणजे 'मला हा उपक्रम करायचा आहे, निधी द्यावा' असा लिहिला, तर तो देणगीचा अर्ज होतो.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रस्तावांचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालंय: 'आजच्या स्पर्धेच्या युगात विद्यार्थ्यांमध्ये एकविसाव्या शतकातील कौशल्ये विकसित करणे ही काळाची गरज आहे.' खरंय, पण हे कुठल्याही शहरातल्या, कुठल्याही विषयाच्या अर्जाला चिकटवता येतं. परीक्षकासमोर गठ्ठा असतो. त्याला तुमचा वर्ग दिसायला हवा.

त्यापेक्षा दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका काढून बसा. समजा असं दिसलं, की निर्देशांकाचं गणित बहुतेकांनी बरोबर सोडवलंय, उत्तर ११२ आलंय, पण 'याचा अर्थ एका वाक्यात लिहा' या दोन गुणांच्या प्रश्नाची जागा कोरी आहे. पायाभूत वर्षाच्या मानाने किमती १२ टक्क्यांनी वाढल्या, एवढंच लिहायचं होतं. सूत्र येतं, अर्थ पोचलेला नाही. हे जसंच्या तसं लिहा, शक्य झालं तर नाव झाकून एका उत्तरपत्रिकेची झेरॉक्स जोडा. मग उपाय: प्रत्येक गटाने कांदे, तूरडाळ, वडापाव, रेल्वेचा पास, मोबाइलचा रिचार्ज अशा ठरलेल्या वस्तूंचे भाव दर आठवड्याला त्याच बाजारात जाऊन टिपायचे, घरच्या खर्चावरून प्रत्येक वस्तूला भार, म्हणजे कमी-जास्त महत्त्व, द्यायचा, आपल्या वस्तीचा निर्देशांक काढायचा आणि सरकारच्या दरमहा जाहीर होणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी ताडून पाहायचा. दोन्हींत फरक पडणारच. तो का पडला याचं उत्तर देताना मुलांना भार म्हणजे काय ते कळतं. प्रस्तावाचा गाभा एवढाच, एका पानात मावतो.

पुढचा प्रश्न परीक्षक विचारणारच: उपयोग झाला हे कळणार कसं? 'विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून' हे उत्तर पुरत नाही. वर्गाबाहेर नेलं की मुलं खूश असतातच. भौतिकशास्त्रवाल्यांचं या बाबतीत बरं आहे. त्यांच्याकडे १९९२ पासून 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची तयार चाचणी आहे, ती शिकवण्याआधी आणि नंतर देऊन किती फरक पडला हे मोजता येतं. तुम्हाला अशी चाचणी स्वतः बांधावी लागेल. अर्थ विचारणारे दहा-पंधरा प्रश्न काढा, त्याच विषयाच्या दोन सहकाऱ्यांना दाखवा, दुसऱ्या एखाद्या डिव्हिजनवर चालवून पाहा आणि हे सगळं केल्याचं अर्जात लिहा.

तुलनेसाठी ए आणि बी अशा दोन डिव्हिजन घ्याल, तर एकाच डिव्हिजनला सगळं नवं देऊ नका. दुसऱ्या डिव्हिजनचे पालक विचारतील, आमच्या मुलांनी काय घोडं मारलं? निर्देशांक ए ला बाजारातून, बी ला फळ्यावर. पुढचा सहसंबंधाचा धडा उलट. तुलना होते, कोणी वंचितही राहत नाही. मुलांची लेखी संमती घ्या, चाचणीचे गुण इंटर्नलला जोडणार नाही असं स्पष्ट लिहा. त्यांचे गुण तुमच्याच हातात असतात, त्यामुळे 'सर, मला भाग घ्यायचा नाही' म्हणायला मूल धजावत नाही. चांगला परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतो. महाविद्यालयात एथिक्स कमिटी (संशोधनात कोणावर अन्याय होत नाही ना, हे पाहणारी समिती) नसेल तर प्राचार्यांशी आत्ताच बोला, ती बसवायला वेळ लागतो.

अंदाजपत्रक परीक्षक बहुधा सर्वांत आधी उघडतात. पहिल्याच ओळीत लॅपटॉप, दुसरीत कॅमेरा दिसला की सगळ्या प्रस्तावाकडे संशयाने पाहिलं जातं. (तसाही घेतलेला लॅपटॉप संस्थेच्या डेडस्टॉकला, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, चढतो, तुमच्या घरी येत नाही.) प्रत्येक रक्कम आराखड्यातल्या कुठल्या तरी कामाशी जोडलेली हवी: मुलांचा क्षेत्रभेटीचा प्रवास, नोंदवह्या आणि छपाई, डेटा एंट्री, एका सत्रापुरता साहाय्यक, शेवटी इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा. दर जीएसटी धरून लिहा. मागताना हात आखडूही नका. काम होणार नाही इतकं कमी मागणारा अर्जही अनुभव नसल्याचं सांगतो.

वेळापत्रकात 'जून, जुलै' असे महिने टाकू नका. 'महिना पहिला, दुसरा' असं लिहा. मंजुरीचं पत्र कधी येईल याचा नेम नसतो. दिवाळीनंतर आलं तर पहिलं सत्र संपलेलं असतं आणि मुलं परीक्षेतून नुकती बाहेर पडलेली. दोन्ही सत्रांत करता येईल असा भाग निवडला की वर्ष वाया जात नाही.

आता दारं. पहिलं, तुमच्याच विद्यापीठाची मायनर रिसर्च प्रोजेक्ट योजना. रक्कम लहान असते, पण पहिल्या अर्जाला हीच बरी, कारण पूर्ण केलेला छोटा प्रकल्प पुढच्या मोठ्या अर्जात कामी येतो. महाविद्यालय स्वायत्त असेल तर आयक्यूएसीकडे (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) सीड मनीबद्दल, म्हणजे संशोधन सुरू करायला संस्थेने दिलेल्या पैशाबद्दल, विचारा. शिक्षकांना असा पैसा दिला का, हे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था स्वायत्त महाविद्यालयांना विचारत आलीय, त्यामुळे तुमच्या मागणीत त्यांचाही स्वार्थ आहे.

दुसरं, आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. १९६९ साली स्थापन झालेली ही परिषद सामाजिक शास्त्रांच्या प्रकल्पांना अनुदान देते, आणि शिक्षण, वाणिज्य हे विषय तिच्या कक्षेत येतात. प्रकल्पांचा कारभार दिल्लीचा, पण तिचं पश्चिम विभागीय केंद्र कलिनाला आपल्याच विद्यापीठाच्या आवारात आहे, जे. पी. नाईक भवनात. नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. तिथल्या ग्रंथालयात बसून उच्च शिक्षणावर आधी कोणी काय केलंय ते पाहा. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या भागात नुसत्या गुगलवर काढलेल्या नावांची माळ लगेच ओळखू येते.

यूजीसीने २०२२ साली सेवेतल्या आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी दोन वेगळ्या योजना आणल्या, दोन्हींत दोन वर्षांसाठी १० लाखांपर्यंत. पण त्यांच्या अटी आधीपासून संशोधन करणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत, तेव्हा सुरुवात तिथून करू नका.

तिसरं, सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो, आणि शिक्षण त्यांच्या यादीत आहे. बीकेसी, नरिमन पॉइंटला मुख्यालयं असल्यामुळे मुंबईकरांना हे जवळचं वाटतं. प्रत्यक्षात अर्ज तुमच्या नावावर चालत नाही. तुमच्या संस्थेच्या ट्रस्टकडे १२ए, ८०जी (दोन्ही आयकर कायद्यातल्या) आणि सीएसआर-१ (कंपनी खात्याकडची) ची नोंदणी लागते. ती आहे का, हे आधी ऑफिसात विचारा. कंपन्यांचा ओढा शाळांकडे जास्त, त्यांना फोटो आणि आकडा हवा असतो. '२४० विद्यार्थी, एक वर्ष' हे त्यांना समजतं, प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट नाही. तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं दोन पानी पत्र करा. परदेशी पैशाच्या फंदात संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय पडू नका.

आणि अर्ज पाठवण्याआधी अकाउंटंटसोबत बसा. हे बहुतेक जण मंजुरीनंतर करतात. पैसा हप्त्यांनी येतो, शेवटचा हप्ता अहवालानंतर, म्हणजे मधला खर्च महाविद्यालयाने आधी करायचा. ते करतील का? कोटेशनं कोण घेणार? सरकारी अनुदानाला जीएफआर १२-ए (सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या) नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यावर सीएची सही, आणि ३१ मार्चला हिशेब जुळायला हवा. खर्चाच्या एका हेडचे (शीर्षाचे) पैसे दुसऱ्या हेडवर घालायचे असतील तर परवानगी आधी मागा. नंतर मागितलेली परवानगी बहुधा वसुलीचं पत्र घेऊन येते.

नाहीच मंजूर झालं तर? तुमच्या प्रयोगाला खरं तर फार पैसे लागत नाहीत. बाजार मुलांच्या घराजवळच आहे, भाव टिपायला फोन पुरतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या संकेतस्थळावर लिब्रेऑफिस कॅल्कचे (एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) धडे मराठीत, फुकट आहेत, तुमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ते सोयीचे पडतील. शिवाय नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, त्यात हे काम बसतंय का ते विभागप्रमुखांना विचारा. येत्या सत्रात एका डिव्हिजनवर, एकाच धड्यापुरतं करा आणि चाचणीचे कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्जात 'प्राथमिक निष्कर्ष' हा रकाना असतो, तो तुमच्याकडे भरलेला असेल.