अंथरुणावरच्या सासूबाई, घरी एकटी सून: तासगावच्या ताईंना उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. सासूबाई ७६ वर्षांच्या, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, लघवीची नळी घालून मिरजेहून घरी आणलेल्या. सासरे ७९ वर्षांचे. मिस्टर पुण्यात, त्यामुळे सगळं तुमच्या अंगावर. तुम्ही विचारलंय योजनांबद्दल, पण मी आधी अंथरुणाबद्दल लिहिते. योजनेचा कागद आठवडाभर उशिरा झाला तरी चालतो, पाठीची जखम थांबत नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर, खुब्यावर आडवं करू नका. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा. पोटऱ्यांखाली दुसरी अशी द्या, की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना ओढू नका. कमरेखाली दुहेरी चादर घालून ठेवा आणि दोघांनी तिची टोकं धरून उचला. ओढल्याने कातडी आतून फाटते. डाव्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून उठवायचं नाही, लुळा खांदा निखळतो.

रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा आणि कोपरं उजेडात बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडला तर भार काढून वाट बघता येते. तसाच लाल राहिला तर जखम सुरू झालेली आहे, त्याच दिवशी दाखवा. त्या जागी चोळायचं नाही, स्पिरिट नाही, पावडर नाही. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो.

एअर बेड, म्हणजे हवेची गादी, घेणार असाल तर त्यावर एकच पातळ चादर घाला. वर गोधडी आणि मेणकापड टाकलं की त्याचा उपयोग जातो. हवा पुरेशी आहे का बघायला गादीखाली, कमरेच्या रेषेत तळहात घाला. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे, मधे इंचभर तरी फुगवटा हवा. लाईट गेली की हवा उतरते, तेव्हा घड्याळ लावून कूस बदला. आणि एअर बेड असला तरी कूस बदलणं सुटत नाही. ही चूक घरोघर होते.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी मांडीला चिकटपट्टीने हलकी बांधा. साधी नळी काही आठवड्यांत आणि सिलिकॉनची साधारण तीन महिन्यांत बदलतात. घातल्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर शोधा. थंडी वाजून ताप, गढूळ लघवी किंवा अचानक गुंगी आली तर थांबू नका, १०८ लावा.

भरवताना बसतं करा आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा घास गिळल्यावर आवाज घरघरत असेल तर पातळ ताक-पाणी थांबवून डॉक्टरांना विचारा. घट्ट पेज, मऊ कण्या सोप्या जातात.

आता मदत. पहिली जागा मिरज नाही, तुमच्या गावचं उपकेंद्र. बहुतेक उपकेंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहेत आणि तिथल्या ठरलेल्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि अंथरुणावरच्या रुग्णांची सेवाही येते. आशाताईंना सांगून समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे नाव नोंदवा आणि घरी भेट मागा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथेच मिळतात. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून वरच्या डॉक्टरांशी बोलताही येतं, म्हणजे फक्त गोळी बदलायला रुग्णाला गाडीत घालून मिरज गाठावी लागत नाही. फिजिओथेरपी मात्र लांबवू नका. सुधारणा सगळ्यात जास्त पहिल्या काही महिन्यांत होते. सिव्हिलच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा नीट शिकून घ्या आणि मोबाईलवर चित्रीकरण करून ठेवा.

दोघांचंही वय ७० च्या वर आहे, म्हणून दोघांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढा. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. ५ लाखांचं वार्षिक संरक्षण दोघांत मिळून आहे, प्रत्येकी नाही. इथे अडतं ते आधारपाशी: वय आधारवरचंच धरतात आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. म्हणून मोबाईल नंबर आधारला आधीच जोडून घ्या, ओटीपीवर काम होतं. हे कार्ड दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. डायपर, घरची नर्स, ओपीडीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. दाखल करतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. रोख भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. अडलं तर योजनेची हेल्पलाइन १४५५५.

कमोड खुर्ची, व्हीलचेअर अशा वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. वय ६५ च्या वर, कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत. अर्ज समाजकल्याण कार्यालयात. खरेदीचं बिल जपा. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० तहसीलमधून मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, ती आधी बघा. सासऱ्यांना एसटी मोफत आहे, कारण ते ७५ पार आहेत. आधार जवळ ठेवावं. प्रकृती स्थिरावली की सासूबाईंचं अपंगत्व प्रमाणपत्र काढा, बऱ्याच सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

नर्सिंग ब्यूरोची मावशी ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा: नळी, ड्रेसिंग येतं का? बहुतेकींना येत नाही आणि त्यांनी ते करूही नये. मावशी कूस बदलायला, अंघोळीला, भरवायला, नळीला नर्सच.

आणि तुम्ही. रात्रीच्या पाळीतली एक तरी सासऱ्यांना किंवा जवळच्या नातेवाइकांना द्या, आणि मिस्टरांनी महिन्यातले दोन शनिवार-रविवार पूर्ण घ्यावेत, पाहुण्यासारखं येऊन जाऊ नये. झोप तुटून रडू येत असेल, चिडचिड अनावर होत असेल तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. उपकेंद्रातून सासूबाईंचा बीपी बघायला येतील तेव्हा दंडाची पट्टी स्वतःलाही बांधून घ्या, तिशीपुढच्या सगळ्यांची ती तपासणी उपकेंद्रात मोफत आहे.