‘बट’च्या आधी स्वल्पविराम कधी?

प्रश्न : ऑफिसची इंग्रजी पत्रं लिहिताना मी अँड, बट, बिकॉज यांच्या आधी सरसकट स्वल्पविराम देते. साहेब त्यांतले निम्मे खोडतात. नियम काय?

उत्तर : अँड, बट, ऑर, सो यांच्यासाठी एक चाचणी पुरते. तो शब्द झाकून तिथे पूर्णविराम आहे असं समजा. दोन्हीकडे कर्ता-क्रियापदासह पुरं वाक्य उरलं, तरच स्वल्पविराम. ‘आय कॉल्ड हिम, बट ही डिड नॉट आन्सर’ यात हवा. ‘आय कॉल्ड हिम बट गॉट नो आन्सर’ यात बटनंतर कर्ताच नाही, म्हणून नको. साहेब बहुधा हेच खोडत असावेत. दोन्ही वाक्यं अगदी छोटी असली तर गाळला तरी चालतो. ‘हाउएव्हर’ने दोन वाक्यं जोडताना मात्र स्वल्पविराम पुरत नाही, त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविरामच लागतो.

बिकॉजचं गणित निराळं. ‘तो म्हणाला, की’, ‘ती आली नाही, कारण’ असं मराठीत लिहून लिहून हात तसाच वळतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट’मध्ये स्वल्पविराम बसत नाही, आणि बिकॉजच्या आधीही सहसा नसतो. पेच येतो तो नकारात. ‘ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अफ्रेड’ : घाबरून राजीनामा दिलाच नाही, की दिला पण कारण भीती नव्हतं? बिकॉजच्या आधी स्वल्पविराम दिला, की पहिलाच अर्थ उरतो. त्याहून बरं म्हणजे बिकॉजचा भाग आधी आणा. मग त्या भागानंतर स्वल्पविराम हवाच.

प्रश्न : यादीत शेवटच्या अँड किंवा ऑरच्या आधी?

उत्तर : दोन्ही रिवाज आहेत, एका मजकुरात एकच पाळा. करारात मात्र द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं होतं, ऑरच्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओखर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, सूट फक्त पॅकिंगला आहे, आम्ही तर माल पोचवतो. 2017 मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला. 2018 मध्ये कंपनीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. विधिमंडळाने ती यादी नंतर अर्धविराम घालून नव्याने लिहिली.