पृथ्वी नाहीशी झाली तर चंद्राचे काय? वाचकांचे प्रश्न

कोजागिरीच्या आगेमागे चंद्राविषयीचे प्रश्न वाढतात, हे नेहमीचेच. यंदा मात्र बऱ्याच जणांनी एकच कल्पना धरून लिहिले आहे: चंद्र तसाच राहिला आणि पृथ्वीच गेली तर? त्यांतले काही प्रश्न घेतो.

आमच्या वर्गात वाद झाला. काही जण म्हणतात, पृथ्वी नसली की चंद्र गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा दूर निघून जाईल. काही म्हणतात, तो सूर्यात पडेल. कोणाचे बरोबर? (अकरावीतली विद्यार्थिनी, साखळी)

दोघांचेही नाही. पण गोफणवाले निदान अर्ध्या वाटेपर्यंत पोचले आहेत. दोरी सुटली की दगड सरळ जातो, हे खरे; चंद्राला मात्र दुसरी दोरीही आहे आणि ती पहिलीपेक्षा भक्कम आहे. चंद्रावरची सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या दुपटीहून जास्त आहे. मग सूर्य त्याला आपल्यापासून हिसकावून का घेत नाही? कारण तो पृथ्वीलाही जवळजवळ तितक्याच जोराने वळवत असतो. दोघे बरोबरच वळतात आणि आपल्याला फक्त त्यांची एकमेकांभोवतीची फुगडी दिसते. चंद्राचा सूर्याभोवतीचा मार्ग खऱ्या प्रमाणात काढून बघ. त्यात एकही वेटोळे येत नाही. रेषा सतत सूर्याच्याच बाजूला वळलेली असते.

आता आकडे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते आणि चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला जेमतेम १ किलोमीटर. पृथ्वी गेली तरी चंद्राकडे सूर्याभोवतीचा तो मोठा वेग राहतोच, त्यात एखाद्या किलोमीटरची भर किंवा घट. सूर्यात पडायचे तर सगळे ३० किलोमीटर खर्ची पडायला हवेत. ते होणार नाही.

पृथ्वी कोणत्या तिथीला गेली, यावर मात्र थोडे अवलंबून आहे. पौर्णिमेला चंद्राचा स्वतःचा वेग पृथ्वी ज्या दिशेने जात असते त्याच दिशेने असतो, म्हणजे एकूण सुमारे ३१. तेव्हा सुटला तर त्याची कक्षा बाहेर लांबेल, जास्तीत जास्त सुमारे १७ कोटी किलोमीटरपर्यंत, आणि त्याचे वर्ष ४०० दिवसांहून थोडे मोठे होईल. अमावास्येला उलटे: वेग सुमारे २९, सूर्यापासूनचे सर्वांत कमी अंतर १३ कोटी किलोमीटर, वर्ष साधारण ११ महिन्यांचे. मंगळ २० कोटींच्या पलीकडे आणि शुक्र ११ कोटींच्या आत, त्यामुळे धडकेची लगेच भीती नाही.

आणि हे चंद्राला 'कळायला' १.३ सेकंद लागतील, कारण गुरुत्वाकर्षणातला बदलही प्रकाशाच्याच वेगाने पसरतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण (हाही प्रकाशाचाच प्रकार) कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून अवघ्या दोनेक सेकंदांच्या अंतराने आपल्याकडे पोचले होते.

नाहीशी होणे ही जादू झाली. पृथ्वीचा स्फोट झाला तर? (म्हापसा)

हा प्रश्न मला जास्त आवडला, कारण इथे खरे भौतिकशास्त्र सुरू होते. पहिली अडचण म्हणजे पृथ्वी फोडणे फार महाग आहे. तिचे सगळे तुकडे एकमेकांपासून कायमचे दूर करायला सूर्याने आठवडाभर चहूकडे फेकलेली सगळी ऊर्जा लागेल. जगातल्या सगळ्या अणुबाँबांनी पृथ्वीचे तुकडे होतील असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. माणसे संपतील, पृथ्वी नाही.

समजा, ती ऊर्जा कुठून तरी आली आणि ढिगारा सगळ्या दिशांनी सारखा पसरू लागला. गंमत अशी की सुरुवातीला चंद्राला काहीच फरक पडणार नाही. गोलाकार पसरलेले वस्तुमान बाहेरच्या वस्तूला केंद्रात एकवटल्यासारखेच ओढते, हे न्यूटनने दाखवून दिले आहे. ढिगाऱ्याची लाट चंद्राला ओलांडून जाईपर्यंत तो मुकाट्याने फिरत राहील. लाट ओलांडल्यावर आत निम्म्याहून जास्त वस्तुमान उरले, तर तो त्याच्याभोवती लांबट कक्षेत राहू शकतो; कमी उरले तर सुटला, आणि मग वर साखळीच्या मुलीला सांगितले तेच.

पण लाट ओलांडताना मार बसेल. ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरून चंद्र म्हणजे छोटेसे लक्ष्य. साधे गणित केले तर दहा लाख भागांतले पाचेक भाग त्याच्यावर येतील. ऐकायला कमी वाटते, पण तेवढा माल चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूवर सारखा पसरला तर सरासरी अर्धा किलोमीटर जाडीचा थर होतो. तोही सेकंदाला दहा-बारा किलोमीटर वेगाने येणारा, म्हणजे खडक वितळतील, काही भाग उडून अवकाशात जाईल. आपण ओळखतो ते डाग-विवरांचे तोंड राहणार नाही. चंद्र मात्र फुटणार नाही. त्याला फोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा शंभरावा हिस्सा वगैरे या माऱ्यात असेल. आणि पलीकडची बाजू बरीचशी वाचेल.

आणि चांद्रयानाचे काय? (मडगाव)

पृथ्वी नुसती नाहीशी झाली, तर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेला विक्रम दक्षिण ध्रुवाजवळच्या त्याच जागी राहील. चंद्र स्वतःभोवती साधारण २७ दिवसांत एकदा फिरतो, ते फिरणे थांबवणारे कोणी नाही. तिथला सूर्योदय ते सूर्योदय हा काळ आजच्यासारखाच साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास राहील, चंद्राच्या विषुववृत्ताजवळचे दुपारचे शंभरच्या वरचे तापमानही तसेच. बदल होईल तो पोटात. अपोलोने ठेवलेल्या भूकंपमापकांनी खूप खोलवरचे चंद्रकंप टिपले होते, आणि ते पृथ्वीच्या ओढीच्या २७ दिवसांच्या चढउताराशी जुळलेले होते. ते बंद पडतील.

उलटे विचारतो. पृथ्वी राहिली आणि चंद्र गेला तर आमच्या खाजनाचे काय? (चोडण)

खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेती, आणि मानस म्हणजे त्या बांधातला फळ्यांचा दरवाजा. तुमचे मानस चालेल, पण सुस्तावेल. भरती-ओहोटीत सूर्याचाही वाटा असतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. त्यामुळे मांडवीचे पाणी चढेल-उतरेल, पण आजच्या साधारण एक-तृतीयांशाने. मानशीच्या फळ्या पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात, त्यामुळे शेतातले पाणी बाहेर काढायला मिळणारा उतार कमी होईल. पावसाळ्यात ते जड जाईल. मानशीवरची मासेमारीही तशीच मंदावेल.

शिवाय भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, ते सरकणे थांबेल. पंधरवड्यात एकदा येणारे उधाण आणि भांग हा भेदही जाईल. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत निकामी, कारण तिथीच उरणार नाही. संकष्टीचे काय करायचे ते पंचांगकर्त्यांवर सोडतो.

सूर्याभोवती फिरू लागल्यावर चंद्राला ग्रह म्हणायचे का? (डिचोली)

२००६ सालच्या व्याख्येत तीन अटी आहेत: सूर्याभोवती फिरणे, गोल असणे आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे. पहिल्या दोन तो पुऱ्या करील, तिसरीवर वाद होईल. माझे मत विचाराल तर द्यावी पदवी. व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे प्लूटोपेक्षा बराच मोठा.

असे खरोखर होण्याची शक्यता किती? (फोंडा)

आपल्या हयातीत शून्य धरा. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळला, तरी ती टिकली. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते त्याच ढिगाऱ्यातून चंद्र झाला. पुढचा खरा धोका सूर्य फुगेल तेव्हाचा, त्याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, आणि त्यावरून मोबाईलवर काय काय फिरेल याचा मला अंदाज आहे. तो ४०० मीटरसुद्धा नाही. आदळणार नाहीच, आणि आदळला असता तरी चंद्राची कक्षा मोजण्याइतकीही हलली नसती.