रेव्हिट या इमारत-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरक्या भिंतींच्या खोलीचं इंटिरियर एलिव्हेशन कसं काढायचं?

पाच भिंतींची खोली, त्यातल्या दोन तिरक्या, आणि एलिव्हेशनमध्ये (भिंतीच्या समोरून दिसणाऱ्या चित्रात) नेमक्या त्याच आखूड दिसतात, हेच ना? एका मार्करचे (कुठल्या दिशेला पाहायचं ते दाखवणाऱ्या प्लॅनवरच्या खुणेचे) चारही बाण एकमेकांशी काटकोनात असतात, तिरकी भिंत त्यात बसणार कशी! तिच्यासाठी वेगळा मार्कर टाका. टाकताना कर्सर त्या भिंतीजवळ न्या, बाण आपोआप तिच्याकडे वळतो. आधीच टाकलेला असेल तर रोटेट करा. ४५ अंशांत वळलेली ३ मीटरची भिंत मार्कर न वळवता पाहिली तर जेमतेम २.१२ मीटर भरते. टाइल्सचा हिशेब बोंबलतो तो इथेच. फार क्लिप, म्हणजे व्ह्यू किती लांबपर्यंत दिसेल ती मर्यादा, भिंतीच्या जरासंच पलीकडे ठेवा, नाहीतर दारातून शेजारची खोली डोकावते. गोल भिंत मात्र उलगडून मिळत नाही. मी तिची लांबी मोजून ड्राफ्टिंग व्ह्यूमध्ये (मॉडेलशी न जोडलेल्या, नुसत्या रेघांच्या पानावर) सरळ हातानेच काढतो.