बर्फावर काय फेकावं, कधी फेकावं

प्रश्न : अमेरिकेतल्या डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघाचे प्रेक्षक रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) ऑक्टोपस टाकतात, तो कच्चा असतो का? आणि ऑक्टोपसच कशाला? भाऊच्या धक्क्यावरचं माकुल नाही का चालणार? (दादर)

उत्तर : उकडलेला बरा. कच्चा बुळबुळीत असतो. आपटला की बर्फाला चिकटतो, डाग सोडतो आणि तो खरवडून काढेपर्यंत सगळे ताटकळतात. सुमारे 20 मिनिटं उकळला की मांस घट्ट होतं, मग तो उसळी घेऊन घसरत जातो. पाण्यात लिंबू पिळतात, वास तेवढाच कमी.

ऑक्टोपसच का, तर आठ पायांसाठी. 1952 साली स्टॅन्ली कपसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, दोन मालिका जिंकाव्या लागत, प्रत्येकी चार सामने, एकूण आठ. डेट्रॉइटच्या ईस्टर्न मार्केटमधले मासळीविक्रेते पीट आणि जेरी क्युसिमानो या भावांनी 15 एप्रिलला ऑलिम्पिया स्टेडियममध्ये ऑक्टोपस भिरकावला. त्याच रात्री संघाने आठवा विजय मिळवून कप जिंकला. आधी टोरांटो, मग माँट्रियल, दोघांचाही 4-0 असा फडशा! 1987 पासून मात्र कपसाठी 16 विजय लागतात, म्हणजे हिशेबाने दोन ऑक्टोपस हवेत.

बर्फ गुळगुळीत करणारी झॅम्बोनी गाडी चालवणारे अल सोबोट्का तो उचलून डोक्यावर गरगर फिरवत. 2008 मध्ये लीगने (एनएचएल, या संघांची व्यावसायिक स्पर्धा) 10,000 डॉलर दंडाची तंबी दिली, कारण फिरवताना उडणारे तुकडे बर्फावर पडतात. पुढे गाडीच्या दारापाशी फिरवायची मुभा मिळाली. आमच्या मते दंडाची धमकी अंमळ जास्तच होती.

माकुल चालणार नाही. त्याला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा, हिशेब दहावर जातो.

प्रश्न : फ्लोरिडा पँथर्स या आइस हॉकी संघाच्या सामन्यांत प्लास्टिकचे उंदीर पडायचे, ते बंद का झालं? (बोरिवली)

उत्तर : ऑक्टोबर 1995 मध्ये संघाचा खेळाडू स्कॉट मेलनबीने ड्रेसिंग रूममधला उंदीर स्टिकने मारला आणि त्याच सामन्यात दोन गोल केले. मग प्रत्येक गोलला उंदरांचा पाऊस. 1996 च्या अंतिम फेरीत संघ कोलोरॅडोकडून 4-0 हरला, पण साफसफाईत वेळ इतका जाई की लीगने नियम कडक केला : प्रेक्षकांनी खेळ अडवला तर आधी ताकीद, नंतर यजमान संघाला दोन मिनिटांची शिक्षा, म्हणजे तेवढा वेळ एक खेळाडू कमी. हॅटट्रिकनंतर, म्हणजे एकाच खेळाडूने तीन गोल केल्यावर, प्रेक्षक फेकतात त्या टोप्यांना सूट आहे.

प्रश्न : आमच्या रोलर हॉकी स्पर्धेत टेडी फेकण्याचा कार्यक्रम ठेवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (मुलुंड)

उत्तर : ही प्रथा 1993 मध्ये कॅनडातल्या कॅमलूप्स ब्लेझर्स या आइस हॉकी संघाने सुरू केली. यजमानांचा पहिला गोल झाला की खेळणी फेकायची, ती गरजू मुलांना जातात. अमेरिकेतल्या हर्शी बेअर्स संघाने जानेवारी 2025 मध्ये 1,02,343 खेळणी जमवली.

खेळणी कोण घेणार ते आधी विचारा. जंतुसंसर्गाच्या भीतीने बरीच रुग्णालयं वापरलेली मऊ खेळणी नाकारतात, म्हणून नवीच आणायला सांगा. बॅटरीवर चालणारी, कडक डोळ्यांची किंवा काठीवरची नकोत. प्रत्येक टेडी पारदर्शक पिशवीत, हवा दाबून काढून गाठ मारलेला हवा. हवा राहिली तर पिशवी लांब जात नाही, पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यात पडते. पिशवीच नसेल तर केस फरशीवर गळतात आणि चाकांच्या बेअरिंगभोवती गुंडाळतात. चाक अडखळलं की खेळाडू पडलाच.

शिट्टी झाली की घड्याळ थांबवा, गोलकीपर आणि खेळाडू बाकाकडे, मगच माइकवरून इशारा. गोण्या आधीच चारही कोपऱ्यांत ठेवा, वेचून झाल्यावर कोरडा मॉप फिरवा. पाहुण्या संघाला आणि पंचांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. यजमानांचा गोलच झाला नाही तर? सामना संपल्यावर फेकायचं, हे सुरुवातीलाच जाहीर करा. नाहीतर लोक कंटाळून मध्येच सुरू करतात.

प्रश्न : आइस हॉकीचे प्लेऑफ (कपसाठीचे बाद फेरीचे सामने) मुंबईत किती वाजता दिसतात? (परळ)

उत्तर : डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडचा संध्याकाळी 7 चा सामना एप्रिल ते जूनमध्ये आपल्याकडे पहाटे 4:30 ला सुरू होतो, डिसेंबर-जानेवारीतला 5:30 ला. पश्चिम किनाऱ्यावरचा त्यानंतर तीन तासांनी, म्हणजे लोकलमध्ये मोबाइलवर.