खिशातला नट

प्रश्न : काका, माझा मुलगा नुकताच सिग्नल खात्यात टेक्निशियन म्हणून लागलाय. कुठे अपघात झाला की पेपरात ‘मानवी चूक’ छापून येतं आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी सस्पेंड. तो रात्रीच्या ब्लॉकला निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. उद्या काही चुकलं तर सगळं त्याच्याच डोक्यावर का? — एक आई, डोंबिवली

ताई, खोटा धीर देत नाही. वायर जोडणारा हात चौकशीत सगळ्यांत आधी सापडतो.

लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शनला 12 डिसेंबर 1988च्या सकाळी रेल्वे अपघातात 35 माणसं गेली. रिले रूममधली, म्हणजे सिग्नल चालवणारी यंत्रणा असते त्या खोलीतली, एक जुनी वायर सोडवली होती, पण कापली नव्हती, टोकाला धड टेपही नव्हती. दोन आठवड्यांनी शेजारी दुसरं काम निघालं, वायर हलली, जुन्या जागी टेकली आणि पुढे गाडी उभी असताना सिग्नल लाल व्हायचा राहिला. चूक टेक्निशियनचीच. पण चौकशीने तिथेच फाइल मिटली नाही. त्याला 13 आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. वायर नुसती वाकवून ठेवायची सवय वर्षानुवर्षांची, कोणी कधी टोकलं नव्हतं. काम संपल्यावर वायरी मोजायच्या असतात, त्या कोणी मोजल्याच नव्हत्या.

आता माझं ऐका. मी सिग्नल इन्स्पेक्टर होतो. जुलैची रात्र, धो धो पाऊस, ब्लॉक संपायला दहा मिनिटं आणि फोनवर फोन. माझ्या हाताखालचा टेक्निशियन पोरगा म्हणाला, “साहेब, झालं.” मी सही ठोकली, आत डोकावलोही नाही. मग चहा पिताना त्याने खिशात हात घातला आणि चेहरा उतरला. “साहेब, एक नट उरलाय.” धावत गेलो. टर्मिनलवर, म्हणजे वायर नटाने आवळायच्या खुंटीवर, एक वायर नुसती अडकवलेली होती. लाज गिळून स्टेशन मास्तरांना सांगितलं, पुन्हा डिस्कनेक्शन घेतलं, म्हणजे कामासाठी सिग्नल बंद ठेवायची परवानगी. पहिली लोकल खोळंबली. त्याबद्दल खुलासा मागितला गेला तो त्या पोराकडे! खरं तर त्याची पाठ थोपटायला हवी होती. माझ्या सहीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मीही गप्प बसलो. ते अजून सलतं.

मुलाला सांगा, वायरी मोज आणि पुन्हा मोजायला दुसऱ्याला बोलाव. आपल्याच हातची चूक आपल्याला दिसत नाही. जादा पाळ्या तारखेसकट वहीत लिही. आपल्याकडे मोठ्या अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. तिथे ती वही तोंडापेक्षा जास्त बोलेल.

प्रश्न : गॅस बंद केला का, या शंकेने मी ठाकूरद्वारच्या नाक्यावरून परत येते. हे या सदरात विचारलं तर चालेल ना? — गिरगाव

चालेल की! जपानी मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून तो काय दाखवतोय ते मोठ्याने म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने 1994मध्ये साध्या कामावर हे तपासलं. दर 100 कृतींमागे 2.38 चुका होत होत्या, त्या बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर 0.38वर आल्या. तुम्ही रेग्युलेटरकडे बोट दाखवा आणि म्हणा, “गॅस बंद.” मनातल्या मनात नको, शेजारणीला ऐकू जाईल असं.